यंत्रांतील मृदुता

संगणकानें घडविलेलें चित्र म्हटलें कीं ठसठशीत कडा आणि चकाकणारे पृष्ठभाग डोळ्यांपुढें येतात. बहुभुजांचे सपाट तुकडे जोडून आकार बांधावयाचा, ही त्या यंत्राची नेहमींची रीत. तींत घर लवकर उभें राहतें, पान मात्र पत्र्याचें होतें. ह्या सवयीला कॅनडांतील चित्रकर्त्री शार डेव्हिस ह्यांनीं १९९५ सालीं 'ऑस्मोज' ह्या कृतीनें उत्तर दिलें.

प्रेक्षक डोळ्यांवर दर्शक-टोप चढवितो आणि छातीला श्वास मोजणारा पट्टा बांधतो. श्वास घेतला कीं तो वर तरंगतो, सोडला कीं खालीं उतरतो. अंग झुकवावें तिकडे सरकतो. पाणबुड्याच्या अनुभवावरून बाईंना ही योजना सुचली. आरंभीं दिसणारें रेषांचें जाळें विरतें आणि झाड, तळें, पान असे एकेक लोक उलगडतात. सर्व कांहीं अर्धपारदर्शक. पान वाट अडवीत नाहीं, त्याच्या आंत शिरतां येतें.

मृदुता म्हणजे गुळगुळीतपणा, अशी एक समजूत आहे. पण चेंडूही गुळगुळीत असतो. तो सजीव भासत नाहीं. अळवाच्या पानाची शीर पानांत नेमकी कोठें विरते, हें बोट ठेवून सांगतां येत नाहीं. सजीव आकाराची खूण ही आहे. बाईंनीं ती अचूक ओळखली.

दोष दाखवावयाचा तर एकच. ह्या कृतीच्या एका थरांत तत्त्वज्ञांचीं व कवींचीं वचनें तरंगतात. पानानें प्रेक्षकाला पोटांत घेऊन जें सांगितलें, तें वचनांनीं पुन्हां सांगण्याचें प्रयोजन काय? कलेनें आपला भाष्यकार बरोबर घेऊन हिंडूं नये.

प्रस्तुत लेखकानें ही कृति केवळ मुद्रित चित्रफितीवर पाहिली आहे, आणि तेथेंच एक गोष्ट ध्यानांत आली. फितीवर उरतें तें सुंदर धुकें. श्वास गळून पडलेला असतो. म्हणजे येथील मृदुता केवळ आकारांत नव्हती. पाहणाऱ्यानें हात आवरून, घाई सोडून, त्या आकाराशीं जोडलेल्या नात्यांत ती होती. आभासी माती हवेंत मळण्याचीं साधनें २०१६ नंतर घरोघरच्या हौशी मंडळींनाही मिळूं लागलीं आहेत. कोमल आकार आतां कोणीही घडवील. परंतु त्या आकारापुढें पाहणाऱ्यानेंही थोडें कोमल व्हावें, हें घडविणें अद्याप कठीणच आहे.