जाति, प्रजाति आणि पक्षी

फर्दापुरास मुक्काम करून अजिंठ्याचीं लेणीं पाहतांना सतराव्या लेण्यांतील हंसजातकाच्या चित्रापुढें एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, “ही हंसाची कोणती प्रजाति?” प्रश्न पक्ष्याविषयीं होता; आम्ही अडलों तो शब्दापाशीं.

प्राणिशास्त्राच्या मराठी ग्रंथांत ‘स्पीशीज’ ह्या पायरीस ‘जाति’ आणि तिच्या वरील ‘जीनस’ ह्या पायरीस ‘वंश’ किंवा ‘प्रजाति’ असे शब्द योजिलेले आढळतात. गांवकावळा व डोमकावळा ह्या दोन जाती. दोहोंचा वंश एकच, कॉर्व्हस. हल्लींचीं वृत्तपत्रें मात्र ‘जाति’ लिहिण्यास बिचकतात आणि स्पीशीजलाच ‘प्रजाति’ म्हणतात. त्यामुळें एकच शब्द दोन पायऱ्यांवर उभा राहतो, आणि वाचक घसरतो.

बिचकण्याचें कारण उघड आहे. ‘जात’ म्हटल्याबरोबर आपणांस पक्षी आठवत नाहींत, आडनांवें आठवतात. पण शब्दाची परीक्षा तो ज्या कामासाठीं योजिला त्यावरून करावी. चरकानें अन्न विखरून खाणाऱ्या पक्ष्यांस ‘विष्किर’ व टोचून खाणाऱ्यांस ‘प्रतुद’ म्हटलें; बळानें अन्न ओढून खाणाऱ्या ‘प्रसह’ वर्गांत तर सिंह, गाय, कावळा आणि घुबड एकत्र बसविले. ह्यास हसण्याचें कारण नाहीं. वैद्याला मांसाचे गुण पाहावयाचे होते, वंशावळ नव्हे.

‘जाति’ शब्दाचें खरें काम सुत्तनिपातांतील वासेट्ठसुत्तांत दिसतें. ब्राह्मण जन्मानें होतो कीं कर्मानें, ह्या वादावर बुद्ध तृणें, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे आणि पक्षी ह्यांची गणना करतो. ह्या सर्वांत जन्मसिद्ध लक्षणांनीं जाती निराळ्या ओळखतां येतात; मनुष्यांत तशीं लक्षणें नाहींत, असा त्याचा निर्णय आहे. लिनीअसनें १७५८ सालीं मनुष्यास ‘होमो सेपिअन्स’ हें एक नांव दिलें, परंतु त्याच ग्रंथांत खंडांप्रमाणें त्याचे चार भेदही पाडले. वासेट्ठसुत्ताची दृष्टि ह्या बाबतींत अधिक स्वच्छ होती.

पक्ष्यांस ‘जाति’ म्हटल्यानें मनुष्यांतील जातिभेदही निसर्गसिद्ध भासेल, अशी शंका कोणी घेईल. आमच्या मतें परिणाम उलट होईल. गांवकावळा आणि डोमकावळा ह्यांत जें अंतर आहे त्यासच जो ‘जाति’ म्हणावयास शिकला, त्याला शेजाऱ्याच्या घरांत दुसरी जाति सांपडणार नाहीं. म्हणून हा शब्द पक्ष्यांकडेच राहूं द्यावा. तो सोडावयाचा असेल तर आपण सोडावा.