क्युसेक, टीएमसी आणि खिशातले ॲप

एकके बदलून देणारी मोबाइल ॲप्स आता विद्यार्थ्यांच्या हाती सर्रास दिसतात. त्यांपैकी 'मितीय विश्लेषणासह' असे बिरुद मिरवणारे एक मी पुण्यातल्या अकरावीच्या काही मुलांबरोबर वापरून पाहिले. उदाहरण मुद्दाम घरचे घेतले. २५ जुलै २०२४ रोजी पहाटे खडकवासला धरणातून मुठेत सुमारे ३५ हजार क्युसेक विसर्ग सुरू होता आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले. हा विसर्ग सेकंदाला किती घनमीटर?

ॲपने क्षणात उत्तर दिले : ९९१.०८९६३०७२. कागदावर मात्र बहुतेकांनी ३५,००० ला ३.२८ ने भागून १०,६७१ आणले. एका मीटरमध्ये ३.२८ फूट हे पाठ होते; पण घनफूट म्हणजे फूट × फूट × फूट, तेव्हा भागाकारही तीनदा करायला हवा, हे निसटले. उत्तर जवळजवळ अकरा पटींनी चुकले आणि कोणालाही ते खटकले नाही. ॲपचे उत्तर बरोबर, पण त्याचे 'विश्लेषण' म्हणजे उत्तराखाली छापलेली 'लांबी³ ÷ काळ' एवढी एक ओळ. गुणकांची साखळी मांडून वरचा फूट खालच्या फुटाने कसा कटतो, ते कोठेच दिसत नाही. शिकण्यासारखे तर तेवढेच असते!

दशांशचिन्हापुढचे आठ अंक ही आणखी एक थाप. मूळ आकडाच 'सुमारे' असताना '९९० च्या आसपास' हेच प्रामाणिक उत्तर. शिवाय उत्तराची नक्कल केली की नुसता आकडा उतरतो, एकक मागे राहते. १९९९ साली नासाचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' अशाच गोंधळात नष्ट झाले : एका गटाचे आकडे पौंड-बल सेकंदांत होते, दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंद म्हणून वाचले. फरक सुमारे ४.४५ पटींचा.

मग आम्ही क्युसेकचे टीएमसी करून पाहिले. टीएमसी यादीतच नव्हता (मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी आपली धरणे अजून फुटांतच मोजली जातात, हे ॲपकर्त्यांना कोण सांगणार?), म्हणून घनफूट निवडले. ॲपने लाल अक्षरांत नकार दिला : मिती जुळत नाहीत. येथे त्याला पूर्ण गुण. 'इतके क्युसेक पाणी सोडले' असे आपण बिनदिक्कत लिहितो, जणू क्युसेक हे साठ्याचेच माप! टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, हे घनफळ. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, हा वेग.

पण नकार देऊन ॲप गप्प बसले. खरी मौज तेथून पुढे आहे. घनफळाला विसर्गाने भागले की उरतो काळ. खडकवासल्याची क्षमता १.९७ टीएमसी. १९७ कोटींना ३५,००० ने भागा : सुमारे ५६ हजार सेकंद, म्हणजे साडेपंधरा तास. वरून थेंबही न येता एवढा विसर्ग चालू राहिला, तर भरलेले धरण तेवढ्या वेळात रिते होईल. आणि उलट, रिते धरण तेवढ्याच आवकेने तेवढ्याच वेळात भरेल. पानशेत, वरसगाव, टेमघर धरून साखळीची क्षमता २९.१५ टीएमसी, पण शहराच्या डोक्यावरचे शेवटचे भांडे हे असे लहान. मुसळधार पावसात दरवाजे उघडण्याचा निर्णय फार लांबवता का येत नाही, ते या एका भागाकारातून मुलांना कळले.

उलट दोषही आहे. दहा न्यूटन-मीटर बल-आघूर्णाचे ॲपने निमूटपणे दहा जूल करून दिले. मिती सारख्या, राशी मात्र वेगळ्या. हे शिक्षकांनाच सांगावे लागेल.

माझे मत विचाराल तर ॲप वर्गात येऊ द्यावे, पण कागदावरच्या साखळीनंतर, पडताळ्यासाठी. तास संपताना एका मुलीने विचारले, "सर, दिवसभरात बरोबर एक टीएमसी सोडायचा तर?" तिने फोन बाजूला ठेवून शंभर कोटींना ८६,४०० ने भागले. उत्तर आले ११,५७४, आणि पुढे तिने न सांगता 'क्युसेक' लिहिले.