ठशातून सुटलेलं पाणी

साडेपाच इंच उंच, सव्वाचार इंच रुंद. अमेरिकेत घरी भेटकार्डं करणाऱ्यांचं हे नेहमीचं माप. न्यू जर्सीच्या माझ्या मावसबहिणीनं आईला पाठवलेलं कार्डही याच मापाचं आहे. चित्र म्हणावं तर गवताची पाती आणि रानफुलांचे चार तुरे, एवढंच. पण कार्ड हातात घेतलं की नजर फुलांवर ठरत नाही, मागच्या निळ्या-जांभळ्या ओलाव्यात शिरते.

हा ओलावा कुंचल्याचा नाही. सगळी पार्श्वभूमी ठशानं उमटवलेली आहे. कार्डाएवढा ठसा घ्यायचा, त्यावर दोन-तीन शाईपॅडं थोपटायची, वरून पाण्याचा बारीक फवारा मारायचा आणि ठसा जाड, खरबरीत वॉटरकलर कागदावर दाबायचा. त्यासाठी शाई पाण्याला दाद देणारी हवी. हस्तकला-डिझायनर टिम होल्ट्झ यांच्या ‘डिस्ट्रेस’ शाया कार्डं करणाऱ्या मंडळींना प्रिय आहेत त्या याच गुणासाठी.

ठशाचं कामच मुळी तेच ते पुन्हा उमटवण्याचं. दहाव्या खेपेचं पान पहिल्या खेपेसारखंच यावं, यासाठी तो घडवलेला असतो. पाण्याचा फवारा बसला की ही हमी संपते, आणि या कार्डाचं सौंदर्य तिथूनच सुरू होतं.

डावा खालचा कोपरा पाहा. एक पातं मुळाशी अगदी रेखीव आहे, ठशाची धार स्पष्ट कळते. मध्यावर ते सैलावतं आणि टोकाशी नुसता निळसर धुरळा उरतो. एकाच रेषेत हाताची शिस्त आणि पाण्याची मर्जी दोन्ही वाचता येतात. शेजारी जांभळा थेंब पसरलाय. जांभळी शाई एकाहून अधिक रंगद्रव्यांची. कागदातून पाणी पुढे सरकताना ही द्रव्यं वेगवेगळ्या वेगानं वाहिली, म्हणून थेंबाच्या पोटात निळं आणि काठावर गुलाबी दिसतं. तो काठही आतल्या रंगापेक्षा गडद आहे. थेंबाची कड कागदाला धरून राहते, तिथलं पाणी लवकर उडतं, ती तूट भरायला आतलं पाणी कडेकडे धावतं आणि रंग सोबत नेतं. कॉफीच्या डागाला कडं का पडतं, याचा असा उलगडा शिकागोच्या संशोधकांनी 1997 मध्ये केला. मला मात्र हे कळल्यावर तो काठ जास्तच देखणा वाटू लागला.

उजवीकडचे फिके तुरे दुसऱ्या दाबाचे आहेत. ठशाला पुन्हा शाई न लावता, उरलेल्या रंगावरच तो टेकवलेला. त्यामुळे फुलांमागे फुलं दिसतात आणि सपाट कागदाला खोली येते. वाळलेल्या रंगावर पाण्याचे शिंतोडे उडवून ते टिश्यूनं टिपल्यामुळे पडलेले पांढुरके ठिपकेही आहेत. ते मोजकेच ठेवलेत, यात बहिणीची समज दिसते.

या सगळ्यावर, कागद पूर्ण वाळल्यानंतर, एकच तुरा काळ्या, पाण्यानं न हलणाऱ्या शाईत उमटवलाय. त्याच्या ठाम रेषेशेजारी मागचा ओघळ अधिक ओला भासतो. खाली तिच्या हातचं बारीक देवनागरी अक्षर: ‘मावशी, आठवण येते’. अक्षराखालची चकचकीत सोनेरी पट्टी मला खटकते. इतक्या मऊ रंगांना ती सोसत नाही. तिथे कोरा कागद हवा होता.

आईला हे कार्ड इतकं आवडलं की तिनं फोनवर आणखी एक मागितलं. बहिणीनं तोच ठसा, त्याच शाया घेतल्या. यावेळी पाणी जास्त झालं. पाती जवळजवळ दिसेनाशी झाली आणि वरच्या अर्ध्या भागात नुसतं निळं आभाळ दाटलं. त्यात तिनं काळा तुरा उमटवलाच नाही, आणि सोनेरी पट्टीही लावली नाही. आईला पहिलंच जवळचं वाटतं; मला दुसरं.