एका समन्वयकाचे अनेक समन्वयक : डोल-शलाला अहवालाची चिकित्सा

फेब्रुवारी २००७ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट' या दैनिकाने वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातील बाह्यरुग्ण सैनिकांची दुरवस्था उघडकीस आणली. १८ क्रमांकाच्या इमारतीतील बुरशीची चर्चा अधिक झाली. मूळ दुखणे मात्र वेगळे होते. लष्करी सेवेतून मुक्त होऊन माजी सैनिक विभागाकडे जाणाऱ्या जखमी सैनिकाच्या उपचारांचे उत्तरदायित्व नेमके कोणाचे, हे निश्चित नव्हते. अमेरिकेत संरक्षण विभाग आणि माजी सैनिक विभाग यांची रुग्णालये, अपंगत्वाचे निकष व नोंदी स्वतंत्र आहेत. सैनिकाचे शरीर तेवढे एकच असते.

या पार्श्वभूमीवर अध्यक्ष बुश यांनी नेमलेल्या आयोगाचा अहवाल जुलै २००७ मध्ये सादर झाला. आयोगाचे एक सहअध्यक्ष बॉब डोल हे दुसऱ्या महायुद्धात इटलीमध्ये गंभीर जखमी झालेले सैनिक, तर दुसऱ्या सहअध्यक्ष डॉना शलाला या माजी आरोग्यमंत्री. अहवालात अवघ्या सहा शिफारशी आहेत आणि हा संक्षेप त्याचे बलस्थान होय. पहिली शिफारस सर्वांत महत्त्वाची : प्रत्येक गंभीर जखमी सैनिकासाठी पुनर्वसनाचा एक आराखडा आणि तो पुढे नेणारा एक समन्वयक. हे समन्वयक सार्वजनिक आरोग्य सेवेच्या साहाय्याने घडवावेत, अशी आयोगाची कल्पना होती. समन्वयक दोन्ही विभागांपासून काहीसा अलिप्त असावा, हे त्यामागील मर्म.

अंमलबजावणीत नेमके हेच मर्म हरवले. संघीय समन्वय कार्यक्रमातील समन्वयक माजी सैनिक विभागाचे कर्मचारी झाले. पाठोपाठ २००८ च्या कायद्यानुसार संरक्षण विभागाने आपला निराळा कार्यक्रम उभारला. 'एक समन्वयक' या कल्पनेतून दोन व्यवस्था जन्माला आल्या. सेनादलांचे स्वतःचे जखमी-सैनिक कार्यक्रम त्याखेरीज.

ऑक्टोबर २०११ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने या द्विरुक्तीचे एक उदाहरण नोंदविले. एकाहून अधिक अवयव गमावलेल्या एका सैनिकाला संघीय समन्वयकाने सेवा सोडण्याचा सल्ला दिला, कारण आवश्यक सेवा माजी सैनिक विभागाकडे होत्या. संरक्षण विभागाच्या समन्वयकाने त्याच सैनिकासाठी सेवेत राहण्याचे उद्दिष्ट ठरविले. दोघांचाही हेतू चांगलाच असणार; गोंधळ मात्र सैनिकाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या वाट्याला आला. कार्यालयाने यास कार्यक्रमांची पुनरावृत्ती म्हटले. हे निदान योग्य असले तरी अपुरे वाटते. समन्वयक विनंती करू शकत होता. दुसऱ्या विभागाच्या डॉक्टरला वा अधिकाऱ्याला आदेश देण्याचा अधिकार त्याला नव्हता. तो अधिकार कोणी द्यावा, याबाबत मूळ अहवालाची भाषाही सौम्यच आहे. सहकार्याची अपेक्षा तीत आहे, सत्तेच्या वाटणीचा प्रश्न नाही.

रुग्णनोंदींच्या शिफारशीचे भवितव्य याहून बोलके आहे. दोन्ही विभागांसाठी एकच संगणकीय नोंदप्रणाली उभारण्याचा प्रयत्न २०१३ मध्ये सोडून देण्यात आला. पुढे २०१५ मध्ये संरक्षण विभागाने आणि २०१८ मध्ये माजी सैनिक विभागाने सर्नर या एकाच कंपनीची प्रणाली स्वतंत्र करारांनी स्वीकारली. माजी सैनिक विभागाने एप्रिल २०२३ मध्ये तिचा पुढील विस्तार थांबविला. अपवाद केला तो उत्तर शिकागो येथील लव्हेल केंद्राचा. तेथे मार्च २०२४ मध्ये दोन्ही विभागांनी ही प्रणाली एकत्र सुरू केली; त्या केंद्रात २०१० पासून दोन्ही विभागांचे प्रशासनच एक होते.