गांधी, कवी आणि आदराचे माप

मराठी कवितेवर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने काव्यचर्चा करावी, असा योग क्वचितच येतो. १४ मे २०१५ रोजी तो आला. देवीदास रामचंद्र तुळजापूरकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणाचा निकाल त्या दिवशी न्यायमूर्ती दीपक मिश्रा व न्यायमूर्ती प्रफुल्ल पंत यांनी दिला. विषय होता वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता. आविष्कारस्वातंत्र्याविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा सभेतील टाळ्यांसाठी असते. एक बाजू स्वातंत्र्य अनिर्बंध असल्याचे सांगते, दुसरी ते कधीच तसे नव्हते असे सांगते, आणि दोघेही मूळ कृती न वाचताच घरी जातात. प्रस्तुत निकालपत्राचे तसे नाही. ते प्रदीर्घ आहे, आणि काव्यस्वातंत्र्य म्हणजे काय, प्रतीक म्हणजे काय, अशा प्रश्नांत ते आत्मविश्वासाने शिरते. जे लेखन साहित्यशास्त्राच्या प्रांतात असे शिरते, त्याची परीक्षा साहित्याच्या कसोट्यांनी करण्यास हरकत नसावी.

हकीकत थोडक्यात अशी. लघुनियतकालिकांच्या चळवळीतून पुढे आलेल्या गुर्जरांची ही कविता १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील आहे, आणि भित्तिपत्रकाच्या रूपानेही ती लोकांसमोर आली होती. १९९४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या 'बुलेटिन' नावाच्या नियतकालिकाने ती छापली. पतित पावन संघटनेच्या वतीने तक्रार झाली, आणि प्रकाशक, मुद्रक व कवी असे तिघे आरोपी झाले. समाजगटांत वैर पसरविल्याचा आरोप लातूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी काढून टाकला. अश्लीलतेचा, म्हणजे दंडसंहितेच्या २९२ व्या कलमाखालचा, तेवढा राहिला. औरंगाबाद खंडपीठाने त्यात हात घातला नाही. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशक व मुद्रक यांना मोकळे केले, कारण त्यांनी पुढच्याच अंकात बिनशर्त क्षमा मागितली होती. कवीवरील आरोप मात्र कायम ठेवला.

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी वाचकाला यातील एक गोष्ट इतरांपेक्षा अधिक टोचावी. ही कविता एखाद्या प्रतिष्ठित मासिकात किंवा खपाच्या दैनिकात आली नव्हती. ती आली होती कर्मचाऱ्यांच्या आपसांत फिरणाऱ्या पत्रिकेत. बंगळूर, दिल्ली, हैदराबाद येथील आपल्या मंडळांचे अंक याच जातीचे असतात. ते हिशेबनीस, अभियंते, बँकेतले अधिकारी आपल्या फावल्या वेळात काढतात, जाहिराती ओळखीपाळखीने मिळवितात, आणि प्रती मोजूनमापून छापतात. अशा अंकाच्या संपादकाजवळ वकील नसतो. त्याच्या दृष्टीने खटल्याचा निकाल काय लागतो यापेक्षा खटला चालतो किती वर्षे, हाच प्रश्न अधिक भीतिदायक. येथे ती वर्षे एकवीस भरली, आणि तरीही प्रश्न अजून आरोप ठेवण्यापुरताच होता.

अश्लीलतेच्या कसोटीचा इतिहास मराठी माणसाला नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि तो खटला ते हरले. त्या काळची कसोटी १८६८ च्या हिक्लिन खटल्यातून आलेली इंग्रजी कसोटी होती: ज्यांची मने वाईट संस्कारांना सहज बळी पडतील अशांच्या हाती पुस्तक पडले तर ती बिघडतील काय? लॉरेन्सच्या कादंबरीची प्रत विकणाऱ्या मुंबईच्या रणजित उदेशी यांना १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने याच मापाने दोषी धरले. पाच वर्षांनी चंद्रकांत काकोडकरांची पाळी आली. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील त्यांच्या 'शामा' या कथेवर पुण्यात खटला झाला. न्यायदंडाधिकाऱ्यांनी सोडले, उच्च न्यायालयाने पंचवीस रुपये दंड केला व अंकाच्या प्रती नष्ट करण्यास सांगितले. २५ ऑगस्ट १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कथा संपूर्ण वाचून, समाजाच्या अभिरुचीची मापे झपाट्याने बदलत आहेत हे लक्षात घेऊन, काकोडकरांना निर्दोष ठरविले. 'शामा' ही काही थोर कथा नव्हे. न्यायालयालाही ती तशी वाटली नव्हती. तरीही ती सुटली, आणि हेच त्या निकालाचे मोठेपण. पुढे २०१४ मध्ये अवीक सरकार प्रकरणात हिक्लिनची कसोटी न्यायालयाने स्पष्टपणे बाजूला सारून समकालीन समाजाच्या मापाचा स्वीकार केला.

या वाटेने आलेल्या वाचकास २०१५ चा निकाल चमत्कारिक वाटल्यावाचून राहत नाही. कारण त्याने समकालीन समाजाचे माप स्वीकारले, आणि त्याच श्वासात त्याला एक नवे टोक जोडले. इतिहासात आदरास पात्र ठरलेल्या व्यक्तीचे नाव प्रतीक म्हणून वापरण्यास कवीला मुभा आहे. परंतु त्या व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घातले तर हेच माप अधिक कडकपणे लावावयाचे, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे तोच शब्द सखारामाने उच्चारला तर एक न्याय, आणि गांधीने उच्चारला तर दुसरा.

येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत झाली आहे असे माझे स्पष्ट मत आहे. अश्लीलता म्हणजे कायद्याच्या भाषेत वाचकाच्या कामवासनेला चाळविणारे, त्याचे मन भ्रष्ट करणारे लेखन. अनादर ही निराळी वस्तू. एखाद्या वंद्य पुरुषाच्या तोंडी शिवी ऐकून वाचक संतापेल, दुखावेल, अंक फेकून देईल. त्याची वासना चाळवेल असे म्हणणे मानसशास्त्राला सोडून आहे. किंबहुना गांधींच्या तोंडी तो शब्द आला की त्यातील कामुकतेचा अंश पार नाहीसा होतो आणि केवळ धक्का उरतो. गटागटांत वैर पसरविल्याचा आरोप तर लातूरलाच गळून पडला होता. उरलेला होता तो लोकांचा दुखावलेला आदर, आणि त्याला कलमांत दुसरी जागा न सापडल्यामुळे अश्लीलतेच्या दाराने तो आत घेतला गेला.

आता न्यायालयाच्या बाजूने जे म्हणता येईल तेही म्हटले पाहिजे. कवी गांधींचे नाव उगाच घेत नाही. त्या नावाभोवतीचा आदर तो कच्चा माल म्हणून वापरतो. 'मला एक म्हातारा भेटला' अशी कविता लिहिली असती तर तिला कुणी विचारले नसते. इतरांनी जपलेल्या भावनेवर कवी आपले घर बांधतो, तेव्हा त्या भावनेचे काही देणे त्याला लागते की नाही? प्रश्न खरा आहे. पण त्याचे उत्तर कवितेच्या रचनेतच आहे. निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या सोंगांत गांधी भेटतो. प्रत्येक ठिकाणी त्या ठिकाणाची भाषा बोलतो. ही भाषा मोहनदास करमचंद गांधींची आहे असे कोणताही वाचक क्षणभरही समजत नाही. ज्यांनी गांधींचे नाव आपापल्या दुकानावर लावले त्यांची ती भाषा आहे. वाचकाच्या मनात गांधींविषयी आदर नसेल तर ही कविता त्याला लागणारच नाही. म्हणजे ज्या आदराचा भंग झाल्याची फिर्याद, त्या आदरावरच कवितेची सारी भिस्त आहे.

सोंगाची ही रीत मराठीत परकी नव्हे. एकनाथांची भारुडे कोणाच्या तोंडून बोलतात? पैठणच्या त्या विद्वान ब्राह्मणाने जोगतीण, महार, वेडी, भुत्या यांचे आवाज स्वतःच्या कंठात घेतले. जनाबाई आपल्या विठोबाला जे शब्द ऐकविते ते आजच्या एखाद्या सभेत उच्चारले तर व्यासपीठावरील मंडळी अस्वस्थ होतील. तुकोबांची गाथा संपूर्ण वाचलेल्यास त्यांच्या शब्दांची धार किती खरबरीत असू शकते हे सांगावयास नको. 'समकालीन समाजाचे माप' जर लावावयाचे, तर या समाजाच्या कानांना काय ऐकण्याची सवय आहे हेही त्या मापात आले पाहिजे. निकालपत्रात काव्यमीमांसा पुष्कळ आहे. मराठी कान मात्र कमी आहे.

कविता म्हणून 'गांधी मला भेटला' माझ्या मते असमान आहे. भेटीची क्लृप्ती आरंभी जितकी प्रभावी तितकी पुढे यांत्रिक होते, आणि काही कडव्यांत धक्का देणे एवढाच हेतू उरतो. पण हे टीकाकाराने सांगावयाचे आहे, आणि ऐकून घ्यावयाचे की नाही हे कवीने ठरवावयाचे आहे. त्यात पोलिसाला काम नाही.

'इतिहासात आदरणीय' या शब्दांचा खरा धोका गांधींच्या प्रकरणात दिसत नाही, कारण गांधींविषयी बहुतेकांचे एकमत आहे. तो दिसतो नाना फडणविसांच्या बाबतीत. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आले तेव्हा नाना हे एका मोठ्या वर्गाला आदरणीयच होते, आणि त्या वर्गाने नाटक बंद पाडण्याचे पुष्कळ प्रयत्न केले. कडक माप तेव्हा प्रचलित असते तर तेंडुलकरांचे काय झाले असते?

आणि तो धोका दिसतो येथे, कर्नाटकात. बसवेश्वरांची बहीण नागलांबिका व तिचा पुत्र चन्नबसव यांच्याविषयी काय लिहावे हा या प्रांतातील फार नाजूक विषय. पी. व्ही. नारायण यांची 'धर्मकारण' ही कन्नड कादंबरी याच विषयातील मजकुरासाठी सरकारने जप्त केली, आणि २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती जप्ती योग्य ठरविली. त्याआधी १९८९ साली धारवाडच्या एम. एम. कलबुर्गींना याच परिवाराविषयी 'मार्ग' या ग्रंथात केलेली विधाने दडपणाखाली मागे घ्यावी लागली होती. कुटुंबाच्या जिवासाठी आपण ते केले, आणि ती आपली बौद्धिक आत्महत्या होती, असे त्यांनी नंतर म्हटले. ज्या बसवेश्वरांच्या नावाने हे झाले ते स्वतः कल्याणच्या बिज्जळ राजाचे भांडारी, आजच्या भाषेत वित्त खात्याचे अधिकारी, होते; आणि राजाला व रूढीला न रुचणारे बोलल्याबद्दलच त्यांची ख्याती आहे. गुर्जरांच्या निकालानंतर साडेतीन महिन्यांनी, ३० ऑगस्ट २०१५ रोजी, कलबुर्गींना त्यांच्या घरी गोळ्या घालण्यात आल्या. पुण्यात दाभोलकर २०१३ मध्ये, कोल्हापूरचे पानसरे २०१५ च्या फेब्रुवारीत गेले होते. ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळूरच्या राजराजेश्वरीनगरात गौरी लंकेश आपल्या घराच्या दारात मारल्या गेल्या. न्यायालयाच्या निकालाचा आणि मारेकऱ्याच्या गोळीचा संबंध जोडणे अन्यायाचे होईल, आणि मी तो जोडीत नाही. परंतु आदर दुखावला ही तक्रार कायद्याने ऐकून घेण्याजोगी मानली की ती करणाऱ्यांची संख्या वाढते, आणि सर्वांनाच न्यायालयाच्या तारखेपर्यंत थांबण्याचा धीर नसतो.

स्वातंत्र्याला मर्यादा नकोत असे यावरून सिद्ध होत नाही. घटनेच्या १९ व्या कलमात त्या आहेत, आणि १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने त्या वाढविताना 'वाजवी' हा शब्दही घातला. जिवंत माणसाची बदनामी, जमावाला हिंसेची चिथावणी, यांत इजा कोणाला व कशी होते हे दाखविता येते. इतिहासपुरुषाच्या अनादरात ते दाखविता येत नाही. तेथे फिर्यादीची भावना हाच गुन्हा आणि तीच साक्ष.

आपल्यापैकी जे सरकारी सेवेत आहेत त्यांच्यावर आचारनियमांचे निराळे बंधन असते. सरकारी धोरणावर जाहीर टीका न करण्याचे बंधन मला गैर वाटत नाही; ज्या खुर्चीवरून आज्ञा निघते तिच्यावरूनच तिची निंदा निघू लागली तर कारभार चालणार नाही. पण नोकरी पत्करल्याने नागरिकाचे मूलभूत हक्क संपत नाहीत हे कामेश्वर प्रसाद प्रकरणात १९६२ सालीच ठरले आहे, आणि वाङ्मयीन लेखनाकडे सेवानियमांनी परंपरेने सवलतीच्या दृष्टीने पाहिले आहे. सेवानियम जी सवलत देतात ती दंडसंहितेने काढून घ्यावी, ही विसंगती लहान नाही.

१९६९ साली, काकोडकरांचा निकाल लागला त्याच वर्षी, संसदेने २९२ व्या कलमात एक अपवाद घातला: विज्ञान, साहित्य, कला किंवा विद्या यांच्या हितासाठी, लोककल्याणार्थ म्हणून समर्थनीय ठरणारे प्रकाशन गुन्हा होणार नाही. जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा न्याय संहितेने घेतली तेव्हा हा अपवाद तिच्या २९४ व्या कलमात तसाच आला. कवीला आपला बचाव खटल्यात मांडता येईल असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने गुर्जरांना खालच्या न्यायालयाकडे परत पाठविले. म्हणजे कविता साहित्य आहे की नाही हे पुन्हा लातूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनीच ठरवावयाचे राहिले.