चित्र लखलखीत, टाळ गायब

कुंभकोणमहून मायिलादुतुरैकडे निघाले की वाटेत गोविंदपुरम लागते. नामसिद्धांताचे आचार्य बोधेंद्र सरस्वती यांचे अधिष्ठान, म्हणजे समाधिस्थान, तिथे आहे आणि अलीकडच्या काळात उभे राहिलेले विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिरही. जवळच श्रीधर अय्यावाळांचे तिरुविसनल्लूर आणि सद्गुरुस्वामींचे मरुदानल्लूर. या तिघांना गुरुस्थानी मानणाऱ्या दक्षिण भजन संप्रदायात जयदेवाच्या अष्टपदीशेजारी तुकाराम-नामदेवांचे अभंग मानाने बसतात. तंजावरला १६७५च्या सुमारास व्यंकोजीराजांनी गादी स्थापली आणि १८५५ पर्यंत तिथे मराठी राज्य राहिले, त्याच्या खुणा अशा गाण्यातही उरल्या आहेत.

हे गाणे आज सांगली-ठाण्यापर्यंत पोचते ते मोबाइलच्या पडद्यावरून. मृदंगमच्या साथीने रंगलेला अभंग आपण ऐकतो, पुढे पाठवतो, ‘तमिळ लोक किती शुद्ध म्हणतात’ असे कौतुक करतो. म्हणजे या कलेशी आपली ओळख कॅमेऱ्याने आणि संकलकाने करून दिलेली आहे. गायकाचे परीक्षण लिहायला पुष्कळ माणसे आहेत. या मधल्या माणसाच्या कामाचे कुणी लिहीत नाही. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. वीस वर्षांत चित्र कमालीचे सुधारले. आवाज होता तिथेच राहिला, संकलन मागे गेले, आणि जतनाचा तर विचारही सुरू झालेला नाही.

कुंभकोणम काय, कोल्हापूर काय, व्हिडिओवाल्याचे पोट लग्नांवर चालते. देवळातला उत्सव आणि भजनाचा कार्यक्रम हे दोन मुहूर्तांच्या मधले काम. त्यामुळे यंत्रे लग्नाची आणि सवयीही लग्नाच्या. १९९५ साली मिनी डीव्ही कॅसेट आली, पुढे सोनीचे पीडी १५० आणि १७० आले, आणि गावोगावच्या स्टुडिओंना पहिल्यांदा बऱ्यापैकी चित्र मिळू लागले. हे कॅमेरे खांद्याला सोपे होते आणि कॅसेट तासभर न थांबता चालायची. खरी उलथापालथ २००८ च्या कॅनन ५डी मार्क टूने केली. मागचे धूसर आणि चेहरा ठळक, असा सिनेमासारखा देखावा स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यातून मिळू लागला, आणि एकेक करून सगळे तिकडे वळले.

पण हा कॅमेरा भजनासाठी जन्मलाच नव्हता. एका फाइलला चार गिगाबाइटची मर्यादा असल्याने सुमारे बारा मिनिटांत चित्रण थांबे. पुढच्या अनेक कॅमेऱ्यांत ही मर्यादा २९ मिनिटे ५९ सेकंदांवर गेली, तिचे कारण तर तांत्रिकपेक्षा जकातीचे होते. अर्धा तास किंवा अधिक चित्रण करणारे यंत्र युरोपात व्हिडिओ कॅमेरा धरले जाई आणि त्यावर जादा कर बसे. युरोपातल्या करपत्रकापायी कावेरीकाठच्या राधाकल्याण उत्सवातली अष्टपदी मध्येच तुटावी, असा विनोद कुणाला सुचला नसता. आता बहुतेक नव्या कॅमेऱ्यांत ही अट नाही. मधल्या दशकातल्या रेकॉर्डिंगांना मात्र ठिकठिकाणी भोके आहेत आणि त्यांवर फुलांचे नाहीतर गोपुराचे शॉट चिकटवलेले आहेत.

प्रकाशाच्या बाबतीत प्रगती निर्विवाद आहे. गाभारा सोडूनच द्या; तिथे पूर्वीही कॅमेऱ्याला मज्जाव होता, आणि डिसेंबर २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या देवळांत मोबाइललाच बंदी घालायला सांगितली. पण दिव्यनाम हा प्रकार घ्या. मध्ये उंच समई, भोवती फेर धरून नाचणारे भागवतर, म्हणजे भजन गाणारे, रात्रीची वेळ. जुन्या कॅमेऱ्यात गेन वाढवला की काळ्यात मुंग्या नाचायच्या, आणि गेन न वाढवला तर ज्योत सोडून काही दिसत नसे. आजचा सेन्सर ज्योतही धरतो आणि फेरातले चेहरेही. त्यासाठीच लॉगमध्ये चित्रण करायचे असते: उजेड-अंधाराचा मोठा पल्ला सपाट, फिक्या चित्रात साठवायचा आणि रंग नंतर बसवायचे. दोष असा की ‘नंतर’ येतच नाही. तयार एलयूटी, म्हणजे रंगांचा आयता साचा, टाकली की झाले, म्हणून सावळ्या त्वचेवर नारिंगी साय आणि सावल्यांत निळसर शेवाळ आलेले भजन पाहायला मिळते. थेट प्रक्षेपणात तर एलयूटी लावायलाच विसरतात आणि दोन तास राखेच्या रंगाचा उत्सव चालतो. ज्याला रंग बसवायला वेळ नाही त्याने साध्या रेक ७०९ मध्ये, झेब्रा लावून, एक्स्पोजर हाताने ठरवून चित्रण करावे. कापूर पेटला की ऑटोवरचा कॅमेरा दचकतो आणि सगळी मंडळी क्षणभर काळवंडतात, हे तरी टळेल.

रेशमाचा प्रश्न या भागात विशेष आहे, कारण तिरुभुवनम हे रेशमी साड्या विणणारे गाव कुंभकोणमच्या शेजारीच आहे. गर्द लाल अंग आणि जरीचा काठ ही कॅमेऱ्याची कठीण परीक्षा. ४:२:० पद्धतीत रंगाची माहिती आडवी-उभी दोन्हीकडे निम्मीच ठेवली जाते. त्यामुळे लाल साडीची कड फुटते आणि निऱ्या लाल रंगाचा एकच गठ्ठा होतात. आठ बिटमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा मिळतात, दहा बिटमध्ये १०२४. आता मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यातही दहा बिट, ४:२:२ मिळते. मेनूत ते निवडायचे कष्ट तेवढे घ्यावे लागतात.

फ्रेमच्या गतीबद्दल मात्र सरसकट गोंधळ आहे. आपली वीज पन्नास हर्ट्झची, आपले टीव्ही प्रक्षेपण २५ फ्रेमचे. ५डी मार्क टू बाजारात आला तेव्हा फक्त ३० फ्रेम देत होता; २४ आणि २५ ची सोय २०१० मध्ये फर्मवेअरने झाली. तोवर सवय लागून गेली होती. आजही कॅमेरे एनटीएससी या साठ हर्ट्झच्या पद्धतीवर, शटर साठावर, आणि मांडवातल्या दिव्यांचे पट्टे चित्रावरून सरकताहेत, असे रेकॉर्डिंग दर आठवड्याला दिसते. त्यात सिनेमासारखे दिसावे म्हणून २४ फ्रेमचा हट्ट. मृदंगमवरची बोटे २४ फ्रेममध्ये धुक्यात जातात. ज्याला वाद्य दाखवायचे आहे त्याने सेकंदाला ५० फ्रेम घ्याव्यात. चित्र थोडे बातम्यांसारखे दिसेल, दिसू द्यावे.

आता आवाज. इथे मी रागावूनच लिहिणार आहे. भजन संप्रदायात एक भागवतर म्हणतो आणि समोरची मंडळी ते उचलतात. वारकरी कीर्तनात ध्रुपद धरणाऱ्यांना जे स्थान, तेच इथे या मंडळींना. गाण्याचा अर्धा भाग त्यांच्या गळ्यात आणि टाळांत असतो. व्हिडिओवाला काय करतो? साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून एक लाइन घेतो आणि निश्चिंत होतो. त्या लाइनमध्ये माइकसमोरचे दोन गायक, पेटी आणि मृदंगम एवढेच असते. समोरची दोनशे माणसे आणि त्यांचे टाळ माइकवर नाहीत, म्हणून रेकॉर्डिंगमध्येही नाहीत. पडद्यावर हात वर करून नाचणारा समुदाय दिसतो आणि ऐकू येतो तो स्टुडिओत एकट्याने म्हटल्यासारखा आवाज. या कलेचा यापेक्षा मोठा विपर्यास कुठला? उपाय महाग नाही. मंडळींच्या दिशेने दोन माइक, एका वेगळ्या रेकॉर्डरवर, ४८ किलोहर्ट्झला. मिक्सरची लाइन आणि हे दोन ट्रॅक संकलनात एकत्र आणायचे. दुसरे टोक नागस्वरमचे. उत्सवमूर्तीच्या मिरवणुकीत नागस्वरम आणि तविल ऐन भरात असताना कॅमेऱ्याचा ऑटो गेन आवाज दाबतो, थांबल्यावर पुन्हा वर ओढतो, आणि वाद्याचा चढ-उतार सपाट होतो. बत्तीस बिट फ्लोटचे छोटे रेकॉर्डर आता मिळतात, त्यात आवाज फाटायची भीती जवळजवळ उरत नाही. पण चाळीस हजारांची लेन्स घेणारा माणूस चार हजारांच्या माइकला का कू करतो, याचे उत्तर ग्राहकापाशी आहे: धूसर पार्श्वभूमीला तो दाद देतो, गायब टाळांची तक्रार करत नाही.

संकलनाला या धंद्यात अजून ‘मिक्सिंग’ म्हणतात. तीन-चार कॅमेरे, जागेवरच स्विचर, आणि बटणावर बोट ठेवून बसलेला मुलगा. मागच्या एलईडी वॉलवर काहीतरी बदलत राहिले पाहिजे, म्हणून तो चार-पाच सेकंदांनी बटण दाबतो. मृदंगमवर कोरवै, म्हणजे समेवर येणारी बोलरचना, समेकडे धावत असते आणि नेमक्या त्या वेळी ड्रोनवरून मांडवाचे छत दिसते, नाहीतर देणगीदारांचा फलक. अभंगाचे तिसरे चरण सुरू होताना क्रेन उचलली जाते, कारण तिचे भाडे दिलेले आहे. त्यावर ‘हायलाइट’ नावाचे तीन मिनिटांचे संथगती चित्र, आणि खाली मूळ गाण्याऐवजी विकतचे पार्श्वसंगीत.

सत्यजित राय यांनी १९७६ मध्ये भरतनाट्यम नर्तकी बालासरस्वतींवर ‘बाला’ हा माहितीपट केला. बालासरस्वतींचे घराणे तंजावर दरबारातले. समुद्रकाठी त्या अभिनय करतात, वाऱ्याने साडी फडफडते, आणि कॅमेरा त्यांच्या वाटेत येत नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या मणी कौल यांच्या १९८२ च्या ‘ध्रुपद’मध्ये डागर बंधूंच्या आलापाइतकाच शॉट लांबतो. अगदी आपल्या जवळचे उदाहरण चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’चे, २०२० चे: मैफलीच्या प्रसंगांत कॅमेरा श्रोत्यासारखा स्थिर, धीर धरून. ही सिनेमाची आणि मोठ्या पैशाची कामे आहेत, मान्य. पण धीराला पैसे पडत नाहीत. स्विचरशेजारी एक कॅमेरा तिवईवर रुंद चौकट लावून अखंड चालू ठेवला, तर बटणवाल्या मुलाने केलेली सगळी पापे नंतर धुता येतात. आणि चारही कॅमेऱ्यांचा टाइमकोड सकाळी एकदा फ्री रनवर जुळवून घेतला, तर ते धुणे तासाभराचे काम होते. २०२० पासून स्वस्त स्विचरमध्येही प्रत्येक कॅमेऱ्याचे वेगळे चित्रण साठवायची सोय आली आहे. ती सहसा बंद असते, कारण डिस्क भरते.

डिस्क भरते हे खरेच आहे. मिनी डीव्हीचा तास साधारण १३ गिगाबाइट घेई. आज सेकंदाला शंभर मेगाबिटने चित्रण केले तर तास ४५ गिगाबाइटचा; तीन कॅमेरे आणि चार तास म्हणजे ५४० गिगाबाइट. यजमानाच्या हाती पेन ड्राइव्ह पडला की कार्डे पुसून पुढच्या लग्नाला जातात. जे उरते त्याला सी०००१ असे नाव असते. कोण गाते, कुठल्या साली, काही नाही. टाइमकोड आणि इतर नोंदी असलेल्या छोट्या फाइली कॅमेरा शेजारीच लिहितो, पण मोठ्या फाइली तेवढ्या उचलून घेतल्यामुळे त्याही जातात. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरवलेला मराठी वंशवृत्तांत आज वाचता येतो. कुंभकोणमच्या २००४ मधल्या महामहम उत्सवाची मिनी डीव्ही कॅसेट कुणाकडे असलीच, तर ती लावायला चालू डेक शोधावा लागेल.

गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो आणि त्याच फेऱ्यात, मासी महिन्यातल्या मघा नक्षत्रावर, कुंभकोणमला महामहम. मागचे २२ फेब्रुवारी २०१६ ला झाले. आता नाशिकची मुख्य स्नाने २०२७ मध्ये आणि महामहम २०२८ मध्ये आहे. दोन्हीकडच्या समित्या चित्रणाचे करार करतील, दोन्हीकडे अभंग गायले जातील. करारात ड्रोन किती आणि एलईडी वॉल किती फुटांची हे लिहिले जाईलच. त्याच कागदावर मंडळींसमोरचे दोन माइक, न थांबणारा एक कॅमेरा, आणि कच्चे चित्रण कुठल्या संस्थेकडे, कोणत्या नावानिशी, किती वर्षे राहणार हेही लिहून घ्या.