निकालपत्रातील रुग्ण

न्यायालयाचे निकालपत्र हे वाङ्मय नव्हे, असे आपले समीक्षक म्हणतील. परंतु ज्यांचे दुःख दुसऱ्या कोणत्याच कागदावर उतरत नाही, त्यांच्यापुरते तरी ते वाङ्मयासारखेच बारकाईने वाचले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाचा 1996 मधील एक निकाल पाहा. 1963 च्या जुलैत, तेव्हाच्या औरंगाबादेतील सरकारी रुग्णालयात एक स्त्री बाळंत झाली. 13 तारखेला तिच्यावर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. ताप चढला, पोट दुखू लागले. 19 तारखेला पोट पुन्हा उघडले तेव्हा आत राहिलेला टॉवेल निघाला. 24 तारखेला ती वारली. खालच्या न्यायालयाने 36,000 रुपये नुकसानभरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायम केली. यात 33 वर्षे गेली. ती कोणत्या जातीची हा इथे प्रश्न नाही. ती सरकारी खाटेवर होती.

निकाल न्याय्यच आहे. नेमकी चूक कोणाची हे ठरले नाही तरी शासन जबाबदार, असे त्याने बजावले. त्यासाठी वापरलेले तत्त्व मात्र अस्वस्थ करते: वस्तू स्वतःच बोलते. पोटातला टॉवेल साक्ष देतो. मग ती स्त्री? 13 ते 19 या दिवसांत ती काय सांगत होती, तिला काय उत्तर मिळत होते? कायद्याच्या भाषेत वेदना येते ती लक्षण म्हणून. शिवाय टॉवेल निदान सापडतो. झालेला उशीर, 'ओरडू नकोस' ही दटावणी कोणत्या पोटातून काढून दाखवायची?

याच्या शेजारी बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' ठेवावे. महारवाड्यातील बाळंतिणींचे हाल तिथे त्यांच्यातलीच बाई सांगते, म्हणून त्या मरणांचे 'प्रकरण' होत नाही.

1995 साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, पण सर्वांनाच मोफत उपचार देणारी रुग्णालये वगळली. पैसे मोजणारा ग्राहक झाला. फुकटच्या खाटेवरचा माणूस कोण, हे विचारायचे राहिले. त्याच्यासाठी उरला दिवाणी दावा आणि त्याच्या तारखा. 2005 च्या निकालाने डॉक्टरवरील खासगी फौजदारी तक्रारीला दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचे मत आवश्यक केले. डॉक्टरांचा नाहक छळ होऊ नये हे मान्य. पण रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाने ते मत मागायला कोणाच्या दारात उभे राहायचे? ज्या व्यवसायाने घाव दिला त्याच्याच दारात, पुन्हा हात जोडून.

भरपाईच्या रकमेत हे धरले जात नाही. प्रत्येक तारखेला मरण नव्याने सांगावे लागते, आणि दावा संपेपर्यंत शोकही संपत नाही. 'आपणच तिला तिथे नेले,' असे नवरा, आई वर्षानुवर्षे स्वतःशी म्हणत राहतात. हे वाक्य कुठल्या जबानीत नोंदले जात नाही. उलटतपासणीत मात्र वकील त्यांना विचारतो, आधी का आणले नाही?